फुलदाणीच्या तळाशी

सिमेंट सुटताना फारसा आवाज झाला नाही. गवंड्याने छिन्नी खाली ठेवली, फुलदाणी दोन्ही हातांनी उचलून हितेंद्रच्या हातात दिली आणि तो समोरच्या खोलीतला माळा उतरवायला निघून गेला. हितेंद्रने काही विचार न करता ती उलटी केली. हातात फुलदाणी आली की ती उलटी करायची, हे त्याचे हात इतकी वर्षं करत आले होते की आता त्यांना सांगावं लागत नव्हतं. फोर्टातल्या एका लिलावघरात तो जुन्या चिनी, जपानी भांड्यांचा देश आणि काळ ठरवण्याचं काम करायचा. शेकडो फुलदाण्या त्याने अशा उलट्या करून पाहिल्या होत्या. फक्त घरातली ही एक कधी हातात आली नव्हती. आजीने ती भिंतीतल्या सिमेंटच्या फळीवर कायमची बसवून घेतली होती. आता नायगावची ही बीडीडी चाळ रिकामी होत होती, शेजारच्याच नव्या टॉवरची चावी मिळाली होती, म्हणून ती निघाली. तळावरची सिमेंटची खपली त्याने अंगठ्याने काढली आणि खाली लाल रंगात, छापाच्या बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं वाचलं. मेड इन ऑक्युपाइड जपान.

जिना उतरताना एखादी पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं झालं. त्याने अक्षरं पुन्हा वाचली. ती तीच होती.

"दिसलं काय रे?" दाराजवळच्या खाटेवरून आईने विचारलं. रमाबाई पंच्याऐंशीच्या होत्या. डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली होती तरी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं त्यांना धूसरच दिसायचं. सकाळपासून त्या खाटेवर बसून सामान बांधलेलं बघत होत्या आणि वाट याच एका गोष्टीची बघत होत्या. "माझं नाव दिसलं काय?"

"माती बसलीय सगळी," तो म्हणाला. "सिमेंट चिकटलंय. ऑफिसात नेऊन नीट साफ करतो."

"चिनी भाषेत आहे ते. तुला येतं ना वाचायला?"

"येतं थोडं."

"मग झालं," रमाबाई म्हणाल्या आणि समाधानाने भिंतीला टेकल्या.

त्याने फुलदाणी जुन्या चादरीत गुंडाळली. गाठ मारताना बोटं नीट चालत नव्हती. या घरात एकच मोठी गोष्ट होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. आजीचा नवरा, गुणाजी, मालवणकडचा. बोटीवर खलाशी होता. रमा जन्मली त्या वर्षी तो चीनला गेला आणि येताना ही फुलदाणी घेऊन आला. तिथल्या बंदरातल्या कुणा कारागिराकडून त्याने तळाला मुलीचं नाव लिहून घेतलं. पुढे रमा चार वर्षांची असताना गोदीत स्फोट झाला, त्या दिवशी तो गोदीतच होता. प्रेत मिळालं नाही. कितीतरी जणांची मिळाली नाहीत. आजीने, जाईबाईने, कुंकू पुसलं आणि गिरणीत वाइंडिंग खात्याला लागली. चाळीत पोरांची दंगामस्ती, गणपतीत नाचणाऱ्यांचे हादरे, यात नवऱ्याची एवढी एकच वस्तू फुटू नये म्हणून तिने ती सिमेंटात बसवली. रमा एकुलती, म्हणून लग्नानंतरही याच खोलीत राहिली, आणि हितेंद्र याच फळीखाली वाढला. रात्री दिवे गेले की काळपट करड्या रंगावरचा तो उठावाचा ड्रॅगन दिसेनासा व्हायचा, पण त्याचे निळे काचेचे डोळे कुठूनतरी उजेड शोधून चमकायचे. लहान हितेंद्र स्टुलावर चढून त्या ड्रॅगनचे खवले बोटाने मोजायचा. बोटाला कळायचं की एके ठिकाणी मातीचा थर जाड आहे, कारागिराचा हात तिथे जरा थांबला असणार. पुढे कॉलेजात, मग संग्रहालयात, मग लिलावघरात तो जे काही शिकला त्याची सुरुवात त्या एका जाड जागेपासून होती, असं त्याला नेहमी वाटायचं. लग्न राहूनच गेलं. त्याचं त्याला फार वाईटही वाटलं नव्हतं.

ती चिनी नाही हे त्याला फार लवकर कळलं होतं. असले उठावाचे ड्रॅगन जपानात ढिगाने व्हायचे, परदेशी पाठवायला, स्वस्तातले. एकदा तो आईला म्हणालाही होता. "चीन काय न् जपान काय, बोट सगळीकडे जाते," असं म्हणून तिने विषय संपवला होता. काळाचं म्हणाल तर युद्धाच्या आधीची असू शकते, नंतरचीही असू शकते, मधली पंचवीस-तीस वर्षं हा माल निघत होता. तळ दिसल्याशिवाय सांगता येणार नाही, असं तो दुसऱ्या कुणालाही म्हणाला असता. स्वतःला मात्र त्याने ते कधी म्हटलं नव्हतं. आणि आता तळ दिसला होता. हरलेल्या जपानवर अमेरिकेचा ताबा होता त्या काळातल्या पाचेक वर्षांतच हा शिक्का मारला जायचा. आधी नाही, नंतर नाही. त्याच्या धंद्यात इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो. सत्तेचाळीस ते बावन्न. गोदीतला स्फोट चव्वेचाळीसचा. म्हणजे गुणाजीने ही आणली नव्हती. किंवा आणली होती, आणि मग तो मेला नव्हता.

पुढचे काही दिवस ती फुलदाणी ऑफिसातल्या त्याच्या टेबलावर चादरीतच पडून राहिली. समोर माणसं येत होती. त्याच्याकडे येणारं प्रत्येक माणूस आजोबांनी आणली असंच म्हणतं. रंगूनहून आणली, हाँगकाँगहून आणली, कुणा इंग्रज साहेबाने खूश होऊन दिली. तो ऐकून घ्यायचा, भांडं उजेडात धरायचा, झिलईवरून नख फिरवायचा, टिचकी मारून नाद ऐकायचा, पायाची कड बोटाने चाचपायचा. चहाच्या पाण्यात उकळून आणलेलं जुनेपण वेगळं, आणि टेबलावर, फळीवर, वर्षानुवर्षं सरकत झिजलेली कड वेगळी. बोटाला ते कळतं. मग तो सांगून टाकायचा, हळू आवाजात, पण सांगायचा. माझगावच्या कोळीवाड्यातली सखुबाई म्हणून एक म्हातारी मागे आली होती. तिच्या सासऱ्याच्या जाळ्यात एक निळी-पांढरी सुरई आली होती, समुद्राच्या तळातून. तिने ती लुगड्यात गुंडाळून टॅक्सीने आणली होती. सुरईवर शिंपल्यांचे डाग होते, ते खरे होते. सुरई मात्र अलीकडची, कारखान्यातली, कुठल्यातरी बोटीवरून पडलेली असावी. त्याने तसं सांगितलं. सखुबाईने ती परत लुगड्यात गुंडाळली आणि विचारलं, "मग देवीचा चेहरा कसा दिसायचा आमाला तिच्यात?" ते सांगणं त्याचं काम नव्हतं. ती गेल्यावर त्याने हात धुतले होते आणि दुसरं भांडं घेतलं होतं. आता त्याला तिचे हात आठवत होते. गाठ मारताना तेही नीट चालत नव्हते.

त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर इथेच थांबलं असतं. वस्तू कुठून आली, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, मधली जागा कोरी राहता कामा नये, ही त्याची कामाची सवय होती. ती कोरी जागा त्याला झोपू देईना. त्या काळातलं आता एकच माणूस उरलं होतं. आनंदीबाई. पॅसेजच्या पलीकडच्या खोलीत लग्न होऊन आलेली, आजीची मैत्रीण म्हणावी तर वयाने मुलीसारखी. नव्वदी ओलांडून गेली होती आणि लालबागला नातीकडे, अनुजाकडे राहत होती. एका दुपारी ऑफिसातून लवकर निघून तो तिथे गेला. गल्लीत यंत्रावर मिरच्या कांडल्या जात होत्या, नाकातोंडात तिखट जात होतं. शिंकत शिंकतच तो जिना चढला.

आनंदीबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. पाय सुजलेले, पण नजर लख्ख. "जाईचो नातू," त्या म्हणाल्या. "बस. डोक्यावरचे केस खंय गेले तुझे?"

अनुजाने चहा ठेवला आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. त्याने इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं. "मावशी, ती आमची फुलदाणी. तुला आठवतं, ती घरात कधी आली?"

आनंदीबाईंनी एकदा आतल्या स्वयंपाकघराकडे वळून बघितलं. गल्लीतल्या यंत्राचा धडधडाट तेवढा येत राहिला.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. तळाला शिक्का आहे. स्फोटानंतरचा."

"अस्सं," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेली माणसं." त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला. "इललो तो, अगदी दारापर्यंत. मी नवीन होते तेव्हा. वर्ष-दोन वर्षं झाली असतील माझ्या लग्नाला. दुपारची वेळ. पुरुष सगळे गिरणीत. पॅसेजमध्ये एक माणूस उभा. पँट, बूट, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. जाईची तेव्हा रात्रपाळी, म्हणून घरात होती. तिने दार उघडलं आणि दोघंही काही बोलेनात. मला वाटलं, हप्त्यावाला कोण असेल."

"मग?"

"मग जाई म्हणाली, मेलेलं माणूस दारात येत नाही. एवढंच. आवाज नाही चढवला. तो काहीतरी बोलत होता, रंगून, बोट, असं काहीतरी. दुसरं घर होतं म्हणे त्याचं तिकडे. हे तिने नंतर सांगितलं. तिने दार लावलं. त्याने ते खाली ठेवलं आणि गेला."

"आई कुठे होती?"

"शाळेत. नऊ वर्षांची होती. सुटलीच होती तेव्हा." आनंदीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "मी कठड्यावरून जिन्यात वाकून बघत होते. तो उतरत होता आणि रमी वर चढत होती, दप्तर घेऊन. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. तिला वाट दिली. ती वर आली. तो खाली गेला."

हितेंद्रचा चहा गार झाला होता. त्याने विचारलं, "मग आजीने ठेवली कशाला ती?"

"मी म्हटलं, फोडून टाक. तर म्हणाली, पोरीला बापाचं काहीतरी नको? रमी आधीपासून विचारायची ना, बाबांनी माझ्यासाठी काय आणलं. मग जाईने ती नावाची गोष्ट बनवली, इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवलेली म्हणाली. पोर म्हणाली, दाखव नाव. तेव्हा खालच्या गवंड्याला बोलावून चिकटवूनच टाकली. दाखवायला नको." आनंदीबाई थोडं हसल्या. मग एकदम थकल्या. "रमीला सांगू नको हां हे."

"नाही सांगत," तो म्हणाला.

परतताना तो चालतच निघाला. भारतमाता टॉकीज, परळचा पूल, पुढे नायगावची वळणं. संध्याकाळ होती, माणसं घरी चालली होती, आणि त्याला समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाट द्यावीशी वाटत होती. एक माणूस जिन्यात भिंतीला चिकटून उभा राहतो, एवढंच त्याला सारखं दिसत होतं. माणसाला चेहरा नव्हता. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. त्याने त्या मुलीकडे बघितलं असेल की खाली बघितलं असेल? फोर्टातल्या टेबलावर तो कुठल्याही वस्तूचं वय दहा-वीस वर्षांच्या अंतराने सांगू शकत होता. इथे एका माणसाच्या मानेची दिशाही सांगता येत नव्हती. आणि घरी आई तेवढंच विचारणार होती, नाव दिसलं का. तिचं पंच्याऐंशी वर्षांचं आयुष्य त्या एका नावावर टेकलेलं होतं. नवरा लवकर गेला, मुलगा असा एकटा, पण जगात कुणीतरी एकदा दूरच्या देशात थांबून कारागिराला तिचं नाव सांगितलं होतं. चालता चालता त्याच्या मनात जे आलं त्याने तो आधी दचकला. मग भोईवाड्याच्या सिग्नलला उभा असताना त्याला ते अगदी साधं वाटायला लागलं.

शनिवारी ऑफिसात कुणी नसतं. त्याने खिडकीजवळचं टेबल साफ केलं, फुलदाणी उशीवर उलटी ठेवली आणि आधी तो शिक्का काढला. झिलईच्या वर छापलेला असल्यामुळे बारीक पूड लावून बोटाने घासत राहिलं की तो जातो. कितीतरी लबाड लोकांनी असे शिक्के काढून आणलेले त्याने पकडले होते, त्या जागची झिलई किंचित मंद होते, तिरप्या उजेडात दिसते. म्हणून त्याने ती मंद जागा पुन्हा मऊ फडक्याने चमकेपर्यंत पुसली. मग कागदावर आईचं नाव लिहून बघितलं. चिनी लोकांच्या तोंडात र बसत नाही, ते ल म्हणतात. ला आणि मा. बंदरातल्या लेखनिकाने ऐकून लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. दोन अक्षरं, एकाखाली एक, घाईच्या हाताची पण भाबडी. त्याने बारीक कुंचल्याने गेरूसारख्या लाल रंगात ती काढली. पहिल्या अक्षरात कुंचला थोडा थांबला, तिथे रंग जाड झाला. ते त्याने तसंच राहू दिलं. रंग वाळल्यावर त्यावर दोन-चार बारीक ओरखडे, थोडी धूळ, कडेला सिमेंटचा एक कण. हे सगळं करत असताना त्याला फार बरं वाटत होतं. आयुष्यभर त्याने लोकांची खोटी भांडी ओळखली, स्वतः असं एकदाही करून बघितलं नव्हतं. हात किती सहज चालत होते. दुपारचं ऊन तळावर पडलं आणि क्षणभर त्यालाही वाटलं की ही अक्षरं इथे होतीच. फक्त भट्टीत भाजलेली नव्हती, म्हणून पाणी लागू द्यायचं नव्हतं. ते त्याने लक्षात ठेवलं.

घरी पोचला तेव्हा खोलीत बांधलेल्या खोक्यांशिवाय काही उरलं नव्हतं. रमाबाई खाटेवर बसल्या होत्या. मोबाईल मांडीवर होता. तो त्यांना नीट लावता यायचा नाही, पण आलेला घेता यायचा.

"आई, साफ झालं बघ," तो म्हणाला आणि चादर सोडली. फुलदाणी उलटी करून त्याने त्यांच्या हातात दिली, तळ वर करून. "हे बघ. हे ला, म्हणजे र. आणि हे मा."

त्यांनी मान वाकवून बघितलं. अगदी जवळ नेलं. मग अंगठा तोंडाला लावून ओला केला आणि अक्षरांवरून फिरवला. तो "अगं" म्हणेपर्यंत त्यांनी दुसऱ्यांदा फिरवला होता. अंगठा लाल झाला. त्यांनी तो त्याला दाखवला नाही, नुसताच पदराला पुसला.

"आनंदीचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "रडत होती. हितू येऊन गेल्यापासून झोप नाही म्हणाली. मरायच्या आधी बोलून टाकते म्हणाली."

तो खोक्यावर बसला.

"सगळं सांगितलं?"

"सांगितलं." त्यांनी फुलदाणी मांडीवर सरळ केली. ड्रॅगनचं तोंड त्यांच्याकडे आलं. "तू कशाला गेलास तिच्याकडे?"

त्याने सुटलेल्या चादरीची घडी घातली. मग त्या म्हणाल्या, "खाली खरं काय होतं?"

"शिक्का होता. इंग्रजी. युद्धानंतरचा."

"दाखव."

"काढला मी तो."

"फोटो?"

"नाही काढला." रोज शंभर फोटो काढणाऱ्या माणसाने हा एक काढला नव्हता.

रमाबाईंनी फुलदाणी उलटी करून तळावरून पुन्हा हात फिरवला. तिथे आता लालसर पुसट डाग होता, दुसरं काही नव्हतं. "म्हणजे तू सांगशील ते खरं," त्या म्हणाल्या. रागावून नाही. नळाला पाणी आलं नाही असं सांगावं तसं. "आणि तू तर हे असं लिहून आणतोस."

नव्या टॉवरमधलं घर एकविसाव्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, खिडक्या मोठ्या होत्या, वारा यायचा. रमाबाईंना तिथे जिनाच नाही याची सवय होईना. जिना होता, जाड दारामागे, पण तो कुणी वापरत नव्हतं. त्या दिवसचे दिवस हॉलमध्ये बसून असायच्या आणि मधेच विचारायच्या. बूट घातलेला होता म्हणाली ना आनंदी? आपल्या जिन्यात बूट घातलेली माणसं फार नव्हती रे, मला आठवायला पाहिजे. एकदा एकाने मला गोळी दिली होती, पण तो पारशी डॉक्टर होता. एकदा एकाचा पाय घसरला होता. कधी त्या एका माणसाचं वर्णन करायला लागायच्या, उंच, कपाळावर व्रण, आणि मग थांबून म्हणायच्या, नाही, हा तर रेशनवाला. हितेंद्र ऐकत राहायचा. त्यांच्या नऊ वर्षांच्या आयुष्यातल्या जिन्यावरून एकेक माणूस चढत-उतरत होता आणि रमाबाई प्रत्येकाचा चेहरा धरून बघत होत्या, आणि सोडून देत होत्या. आधी त्यांच्याकडे एक मेलेला बाप होता, पूर्ण. आता होते ते हे सगळे परके पुरुष.

शेवटी त्या म्हणाल्या, मला आनंदीकडे घेऊन चल. तो टॅक्सीने घेऊन गेला. लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीत दोन मजले त्यांना धरून चढवायला वेळ लागला. अनुजाने दार उघडलं तेव्हाच तिचा चेहरा सांगत होता. आनंदीबाई त्या मधल्या काळात अंथरुणाला खिळल्या होत्या. नजर तीच, पण ओळख येत-जात होती.

"आनंदी, मी रमी," रमाबाई त्यांच्या उशाशी बसून म्हणाल्या. "तो माणूस. फुलदाणी ठेवून गेला तो. दिसायला कसा होता गो?"

"खंयचो माणूस?"

"माझा बाप. तू फोनवर सांगितलंस."

आनंदीबाईंनी खूप आठवल्यासारखं केलं. "बाप खंयचो," त्या म्हणाल्या. "तो जाईचो भाऊस. तुझो मामा. बोटीवर होतो ना तो पण. तोच इललो. भांडण होतं त्यांचं, जमिनीवरून." मग त्यांनी रमाबाईंचा हात कुरवाळला. "तुझो बाप स्फोटात गेलो गो. बिचारो."

अनुजा मागून हळूच म्हणाली, "काका, ती आता काहीही बोलते. काल मला तिची सासू समजली."

टॅक्सीत हितेंद्रने मनातल्या मनात दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवून बघितल्या, कामावर ठेवतो तशा. जाईबाईला भाऊ होता, तो बोटीवर होता, हे खरं होतं. तो फार पूर्वी कधीतरी वारला, कुठे, कुणाला माहीत नव्हतं. शिक्का फक्त एवढंच सांगत होता की वस्तू स्फोटानंतरची आहे. कुणाच्या हातातून आली, हे कुठल्याच तळावर लिहिलेलं नसतं. हे तो रोज लोकांना सांगायचा. आता तर शिक्काही नव्हता. पुढच्या आठवड्यात आनंदीबाई गेल्या.

फाल्गुन संपला आणि चैत्रातली गुणाजीची तिथी जवळ आली. स्फोट झाला त्या दिवसाची. दरवर्षी आजी, आणि तिच्यानंतर आई, त्या दिवशी वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर करायची. हितेंद्र मोठा झाल्यापासून पान त्याने पाणी सोडून अर्पण करायचं, अशी घरची पद्धत पडून गेली होती. यंदा त्याने काही विचारलं नाही. आदल्या दिवशी रमाबाईंनी वाटाणे भिजत घातले. त्याला वाटलं, आईने एक बाजू घेतली. कुठली का असेना, घेतली.

सकाळी त्यांनी बसल्या बसल्या सगळं केलं, तळायला तेवढी त्याने मदत केली. केळीचं पान मांडलं. वाढलं. त्या पानासमोर पाटावर बसल्या आणि त्या अन्नाकडे बघत राहिल्या.

"सगळ्यांनी केलं, आईने केलं, मी केलं," त्या म्हणाल्या. "आणि तो तिकडे जेवत असेल तेव्हा. पोरंबाळं घेऊन."

"तो मामाही असेल, आई."

"असेल." त्यांनी पानावरचा वडा जरा सरळ केला. "आता तरी मेलाच असेल ना? कुठल्यातरी दिवशी. तो दिवस कुठला, ते सांग ना तू. तू सगळ्यांना सांगतोस, हे किती सालचं, ते किती सालचं."

"नाही सांगता येत."

"अंदाजे?"

दरवर्षीसारखं त्याने तांब्यातून उजव्या हाताच्या तळव्यात पाणी घेतलं आणि दरवर्षीसारखं आईकडे बघितलं. ती "सोड" म्हणायची, मग तो सोडायचा. रमाबाई पानाकडे बघत होत्या. खिडकीतून एवढा वारा येत होता की पानाची कड उचलली जात होती आणि त्या ती पुन्हा पुन्हा दाबून धरत होत्या. त्या "सोड" म्हणाल्या नाहीत. पाणी बोटांमधून निसटून नव्या लादीवर थेंब थेंब पडत राहिलं, पानाच्या अलीकडेच, आणि थोड्या वेळाने त्याचा हात रिकामा झाला.